कपाटावरचं एक्स्चेंज

शैलाताई,

तू गेलीस त्याला आज तेरा दिवस झाले. काल पाहुणे गेले. आज सकाळी घर पुसून घेतलं, तुझे ड्रेस घडी करून ठेवले आणि आता तुला लिहायला बसले आहे. जे सांगायचं आहे ते दुसऱ्या कुणाला सांगितलं तर तो म्हणेल, एवढंच ना. तू तसं म्हणणार नाहीस.

कपाटावरचं एक्स्चेंज राहणार की जाणार, ते आज दुपारी ठरायचं होतं. मुलुंडच्या डॉक्टरीणबाईंनी तसा निरोप पाठवला होता. त्यांच्याशी कुणीतरी बोलायला हवं होतं, आणि त्यातलं कळणारं घरात माझ्याशिवाय कुणी नव्हतं. मी आणि बोलणं, हे तुला ठाऊकच आहे.

एक्स्चेंज हे नाव ह्यांनी चेष्टेत ठेवलं होतं. लोखंडी कपाटावर तू एक काळा डबा आणून ठेवलास, पडदा नसलेला कॉम्प्युटर. त्याच्या शेजारी राउटर आणि लँडलाइनच्या वायरी घातलेली लहान डबी. हे म्हणाले, आईने हे कपाट भांड्यांसाठी घेतलं होतं, ताईने त्यावर टेलिफोन एक्स्चेंज उघडलं. तू म्हणालीस, तुझ्या भांड्यांना कुणी फोन करत नाही. हे चहा मागायला लागले.

तीन दवाखान्यांचे फोन त्या डब्यात यायचे आणि तिथून इंटरनेटवरून बायकांच्या घरी जायचे. बोरिवलीला सुनीता, घाटकोपरला पारुल. सुनीताचे सासरे अंथरुणावर, पारुलच्या मुलीला भरवायला लागतं. दोघींना दिवसभर घर सोडता येत नव्हतं आणि दोघींना काम हवं होतं. पेशंटला वाटायचं की पलीकडची बाई दवाखान्यात टेबलाशी बसली आहे. ती असायची बोरिवलीत, पलंगाच्या कडेला, एका हातात फोन आणि दुसऱ्या हातात सासऱ्यांच्या पेजेची वाटी. तुझ्या डोक्यात हे कुठून आलं, मी कधी विचारलं नाही. वांद्र्याच्या ऑफिसांत शिडीवर चढून वायरी ओढायचीस, केसांत चुना घेऊन घरी यायचीस. जेवताना एक दिवस म्हणालीस, मंदा, वायर सगळीकडे पोचते गं, बाईच पोचत नाही. आणि पुढच्या महिन्यात डबा घरी आला.

त्या डब्याला मी घाबरायचे. धूळ पुसायची तीही लांबून. तू मला त्यातलं काही शिकवशील असं मला वाटलं नव्हतं, तुलाही नसेल. ते सुरू झालं माझ्या चुकीने.

ती खंडेनवमी तू विसरणार नाहीस. घरातली हत्यारं मी पाटावर मांडली. ह्यांचे पाने, माझी विळी, कात्री, तुझी वायर दाबायची पक्कड. सगळ्यांना हळदकुंकू लावलं, झेंडू वाहिला. मग वर बघितलं. वर्षभर दिवसरात्र राबतोय तो डबा, त्याला कोण पुजणार? तू साइटवर होतीस. दवाखाने दोन दिवस बंद होते. मी स्टुलावर चढले, डबा आणि राउटर दोन्हींची बटणं बंद केली, ओल्या फडक्याने पुसून घेतले, हळदकुंकू लावलं. पुजलेलं हत्यार दसऱ्यापर्यंत वापरायचं नाही, हे माझ्या हाडात बसलेलं. म्हणून रात्रभर तसंच ठेवलं. दसऱ्याच्या सकाळी चहाआधी बटणं पुन्हा चालू केली. हिरवे दिवे लागले. मला बरं वाटलं, त्याला एक रात्र विश्रांती मिळाली म्हणून.

दवाखाने उघडले आणि वाट लागली. घंटी वाजायची, सुनीता उचलायची, तिला पेशंटचा आवाज यायचा, पण तिचा आवाज पेशंटला जायचा नाही. लोक हॅलो हॅलो करून ठेवून द्यायचे. तू सुनीताच्या घरच्या राउटरवर संशय घेतलास. आरेच्या रस्त्याने बस पकडून बोरिवलीला गेलीस, तिचा राउटर उघडून बसलीस, काही सापडलं नाही. दुसऱ्या दिवशी परत गेलीस. तिच्या नवऱ्याने घरात काही हात लावला का, म्हणून तिला बोललीस. ती बिचारी रडली. मी इकडे भाजी चिरत होते आणि मला काहीच कळत नव्हतं की ह्यात माझा हात आहे.

संध्याकाळी पारुलचा फोन आला, सणाची सुट्टी संपवून ती त्याच दिवशी कामाला बसली होती, तिचाही आवाज जात नव्हता. म्हणजे दोष तिकडे नाही, आपल्याच घरात. तू स्टुलावर चढलीस. राउटरच्या बटणावर वाळलेली हळद होती.

"मंदा, हे काय आहे?"

मी म्हटलं, पूजा. तू विचारलंस, बंद केला होतास? मी म्हटलं, एकच रात्र. तू स्टुलावरच खाली बसलीस. मला वाटलं आता ओरडशील. तू हसायला लागलीस, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसलीस, आणि मग ओरडलीस. दोन्ही झाल्यावर आधी सुनीताला फोन लावलास आणि माफी मागितलीस. माझं नाव सांगितलं नाहीस. म्हणालीस, चूक माझ्याकडची होती. पुढच्या वेळी सुनीता आपल्याकडे आली तेव्हा मीच तिला खरं सांगायचं ठरवलं होतं. पोहे केले, चहा केला, ती गेली. मी काही बोलले नाही.

फोन ठेवून तू म्हणालीस, ये इकडे, काय बंद केलंस ते तरी समजून घे.

मी म्हटलं, ताई, चौथी शिकलेय मी. तू म्हणालीस, आकडे येतात ना? पुरे आहेत.

तू समजावलंस की डब्याला दोन पत्ते असतात. एक घरातला, राउटरने दिलेला. एक बाहेरचा, सगळ्या जगाला दिसणारा. राउटर बंद करून चालू केला की बाहेरचा पत्ता बदलतो. बायकांचे फोन डब्याला नावाने शोधतात आणि ते नाव आपोआप नव्या पत्त्यावर जातं, म्हणून घंटी वाजते. पण बोलणं सुरू झालं की डबा सांगतो, तुझा आवाज अमुक पत्त्यावर पाठव. तो पत्ता तू हाताने लिहून ठेवला होतास आणि तो आता जुना झाला होता. सुनीताचा आवाज जुन्या पत्त्यावर जात होता. मी विचारलं, मग घरातलाच पत्ता का नाही सांगत, तो तर बदलत नाही. तू म्हणालीस, तो सांगून उपयोग नाही, तसा पत्ता घराघरात असतो.

तेव्हा मला माझं गाव आठवलं. मी म्हटलं, म्हणजे आमच्याकडच्या वरच्या घरासारखं. वाडीत 'वरच्या घरी दे' म्हटलं की पोरसुद्धा बरोबर नेऊन देतं. पण मुंबईहून कुणी पाकिटावर नुसतं 'वरचं घर' लिहिलं तर पोस्टमन काय करणार? प्रत्येक वाडीत वरचं घर आहे.

तू माझ्याकडे बघत राहिलीस. नंतर ते तू सगळ्यांना सांगायला लागलीस. पारुलला, सुनीताच्या नवऱ्याला, साइटवरच्या मुलांना. दर वेळी म्हणायचीस, हे आमच्या मंदाने सांगितलंय. मी आत निघून जायचे. तुला वाटायचं मला राग येतो. राग नव्हता येत, ताई. माझं म्हणणं कुणी दुसऱ्याला सांगावं, असं त्याआधी कधी झालंच नव्हतं. अशा वेळी चेहरा कसा ठेवायचा ते मला माहीत नव्हतं.

मग वही झाली. डब्याला लॅपटॉप जोडला की येणाऱ्या काळ्या पडद्यावर काय लिहायचं ते तू मोठ्या अक्षरांत लिहून दिलंस, मी ती इंग्रजी अक्षरं चित्रासारखी गिरवली. बाजूला मराठीत माझ्या खुणा. घंटी एका दाराने येते, आवाज दुसऱ्या दारांनी येतो, दोन्ही उघडी हवीत. राउटर स्वतःचं शहाणपण चालवतो, ते बंद ठेवायचं. बायकांच्या घरचे राउटर थोडा वेळ काही आलं-गेलं नाही की आपल्याला विसरतात, म्हणून डबा सारखा विचारत राहतो, आहेस ना. हे शेवटचं मला फार आवडलं होतं. तू म्हणालीस, त्यात आवडण्यासारखं काय आहे, अर्ध्या मिनिटाचा हिशेब आहे तो. तुझं असंच. डोळ्यांत पाणी येईल असं काही समोर आलं की तू त्याचे आकडे करायचीस.

आणि ते पत्ता आपोआप बदलण्याचं. दर महिन्याला म्हणायचीस, हे हाताने लिहिणं बंद करायचंय, एका रविवारी बसून करून टाकते. रविवार आला की तू मासे आणायला जायचीस आणि येऊन झोपायचीस. मी बोलले नाही कधी, पण मला ते तसंच राहिलेलं आवडायचं. लाइट जाऊन आली की तू म्हणायचीस, मंदा, चढ वर. घरात मला कुणी दुसऱ्या कुठल्या कामासाठी असं बोलवत नव्हतं.

आपलं भांडण झालं ते बोलण्यावरूनच. तू म्हणत होतीस, आता डॉक्टरांशीही तूच बोल, माझी साइट वाढली आहे. मी नाही म्हटलं. तू मला मुलुंडला घेऊन गेलीस. दवाखान्याच्या पायऱ्या तू चढलीस, मी दोन चढले आणि मागे फिरले. काचेतून आतल्या खुर्च्यांवर बसलेली माणसं दिसली होती. बसस्टॉपवर जाऊन उभी राहिले. तू अर्ध्या तासाने आलीस. घरी आल्यावर बोललीस.

"तुला सगळं येतं, तोंड उघडायचं तेवढं येत नाही. मी नसले तर काय डबा बोलणार आहे?"

मी म्हटलं, तू कुठे चालली आहेस. मी ते रागाने म्हटलं. माझ्याकडून तुझ्याशी एवढ्या वर्षांत रागाने गेलेलं ते एकच वाक्य. दोन दिवस आपण एका ओट्याशी उभं राहून एकमेकींशी बोललो नाही. तिसऱ्या दिवशी तुला ताप आला, आणि मग बोलायचं ते तापाचं, गोळ्यांचं, पेजेचंच बोलणं झालं. ते वाक्य तसंच राहिलं.

हॉस्पिटलमध्ये तुझ्या तोंडात नळी होती आणि तुला बोलता येत नव्हतं. तिथे मी बोलले, ताई. तू ऐकत होतीस की नाही माहीत नाही. पारुलच्या मुलीने स्वतःच्या हाताने अर्धी पोळी खाल्ली ते सांगितलं. सुनीताला एका आजोबांनी फोनवर लग्नाचं विचारलं, त्यांना ती दवाखान्यातली नर्स वाटली, ते सांगितलं. नर्सबाईंनी दोनदा डोकावून बघितलं, इथे कोण एवढं बोलतंय म्हणून. तू बोटं उघडून मिटून मला काहीतरी विचारलंस. मला लगेच कळलं. मी म्हटलं, हिरवा आहे, चालू आहे. तू डोळे मिटलेस. माफी मागायची तर तेव्हा मागता आली असती. मी दिव्याचं सांगितलं.

परवा दुपारी आपल्या इमारतीत तीन तास लाइट नव्हती. राउटरखालची बॅटरी जुनी झाली आहे, तू बदलणार होतीस. लाइट आली, दिवे लागले, आणि थोड्या वेळाने माझ्या मोबाइलवर सुनीता. वहिनी, माझा आवाज जात नाहीये. घरात पाहुणे होते, बाराव्याची तयारी चालली होती. तुझ्या मावसबहिणी ओट्याशी होत्या. मी त्यांच्यामधून स्टूल नेऊन कपाटाला लावलं तर सगळ्या बघायला लागल्या. एकीने विचारलं, आता कसली साफसफाई काढलीस? मी स्टूल परत जागेवर नेलं. लोकांसमोर मला ते करता येईना. दोन दिवस मी तसंच राहू दिलं. तुझी लाइन दोन दिवस मुकी होती आणि मी पाहुण्यांना पाणी देत होते. हे तुला सांगायचंच होतं.

काल शेवटची गाडी गेल्यावर मी वर चढले. तुझा जुना लॅपटॉप लावला, वही उघडली. राउटरच्या पानावरून बाहेरचा नवा पत्ता उतरवून घेतला, चार आकडे आणि मध्ये टिंबं. काळ्या पडद्यावर एकेक अक्षर बघून लिहिलं. एकदा चुकलं, डबा रागावला, पुन्हा लिहिलं. जुना पत्ता खोडला, नवा घातला, डब्याला पुन्हा वाचायला सांगितलं. मग आपल्या घरातल्या फोनवरून बोरिवलीला लावून बघितलं. घंटी गेली. सुनीताने उचलला, नमस्कार, दवाखाना, म्हणाली. आवाज आला. स्वच्छ, तिच्या सासऱ्यांच्या खोकल्यासकट.

मी नेहमीसारखी गप्प. ती म्हणाली, "काहीच बोलत नाही म्हणजे वहिनी, तुम्हीच."

मी हो म्हटलं. मग म्हटलं, सुनीता, त्या दसऱ्याला राउटर मी बंद केला होता, पूजेसाठी. बोलणी तुला बसली. ती म्हणाली, ठाऊक आहे हो. ताईंनी आठ दिवसांतच सांगितलं होतं, आणि म्हणाल्या होत्या, ती स्वतः सांगेल तेव्हा तुला नवीनच आहे असं दाखव. ते दाखवायचं मी आता विसरले.

मी इतकी वर्षं ते उरात घेऊन तिला पोहे देत होते, आणि तुम्ही दोघी. बरं, असू दे.

सुनीतानेच डॉक्टरीणबाईंचा निरोप सांगितला. दोन दिवस फोन मुके होते, विचारायचं तर कुणाला ते त्यांना कळेना. आज दुपारपर्यंत कुणी जबाबदार माणूस बोललं नाही तर त्या लाइन दुसऱ्या कंपनीला देणार. त्या गेल्या की बाकीचे दोघेही जाणार, आणि मग सुनीताला आणि पारुलला घरात बसून करायला दुसरं काय मिळणार होतं?

ह्यांना सांगितलं. हे कपाटाकडे बघतच नाहीत तू गेल्यापासून, त्या बाजूला पाठ करून जेवतात. म्हणाले, बंद करू मंदा, ताई गेली, आता ते दिवे कुणासाठी लुकलुकायचे? मी फोन करून सांगतो त्यांना. त्यांनी मोबाइल हातात घेतलाही. त्यांचा आवाज बसला होता. मी म्हटलं, थांबा, मी बोलते. त्यांनी मोबाइल माझ्या हातात दिला आणि बाहेर गॅलरीत जाऊन उभे राहिले, म्हणजे मला लाज वाटू नये. तुझा भाऊ तसा समजूतदार आहे, तू त्याला उगाच बोलायचीस.

मी कागदावर लिहून घेतलं होतं काय बोलायचं ते. पहिल्याच वाक्याला कागद संपला. बाईंनी विचारलं, कोण बोलतंय. मी म्हटलं, विक्रोळीहून मंदा, शैलाताईची भावजय. त्या तुझ्याबद्दल दोन वाक्यं चांगली बोलल्या. मग विचारलं, दोन दिवस काय झालं होतं. मी सांगितलं. लाइट गेली, आपला बाहेरचा पत्ता बदलला, सुनीताचा आवाज जुन्या पत्त्यावर जात होता, काल मी नवा लिहिला. आधीच लिहायला हवा होता, पण घरात माणसं होती आणि मला जमलं नाही. हे शेवटचं मी का सांगितलं माहीत नाही. तोंडातून गेलं.

त्या म्हणाल्या, "म्हणजे ते तुम्ही करता? शैला म्हणायची, माझ्याहून पक्कं ध्यानात ठेवणारं माणूस घरी आहे. मला वाटायचं, भाऊ असेल."

मी म्हटलं, नाही, भाऊ चहा मागतो. त्या हसल्या. मी बोलले आणि डॉक्टरीणबाई हसल्या, ताई. गॅलरीतून ह्यांनी वळून बघितलं.

लाइन आपल्याकडेच राहिली. त्या म्हणाल्या, फक्त एक करा. रविवारी दवाखाना बंद असतो तरी लोक फोन करत राहतात, सुनीताला उगाच उठावं लागतं. त्या दिवशी आपोआप निरोप ऐकू येईल असं करा. शैलाला मी सांगितलं होतं, ती करते म्हणाली होती.

मीही करते म्हटलं. रविवारपर्यंत. फोन ठेवला आणि मग लक्षात आलं, आज शुक्रवार आहे.

तू त्यांना हो म्हणालीस आणि मला बोलली नाहीस. वही पहिल्यापासून शेवटपर्यंत बघितली, त्यात ते कुठे नाही. जिवंत असतीस तर आज मी तुझ्याशी भांडले असते, खरंच भांडले असते. आता मला ते शोधून काढायला लागेल, आणि निरोप कुणाच्या आवाजात ठेवायचा तेही ठरवायला लागेल. सुनीता म्हणाली, मी दिवसभर बोलतेच, रविवारी तरी माझा आवाज नको. पारुल म्हणाली, माझ्या मराठीला पेशंट हसतील. दोघी म्हणाल्या, वहिनी, तुम्हीच.

जेवणं झाल्यावर मी दार लावून घेतलं, मोबाइल समोर ठेवला आणि म्हणून बघितलं. आज रविवार आहे. दवाखाना बंद आहे. उद्या सकाळी नऊनंतर फोन करा. पहिल्यांदा 'रविवार'ऐवजी 'शुक्रवार' म्हटलं. दुसऱ्यांदा शेजारच्या कुकरची शिट्टी झाली. तिसऱ्यांदा 'उद्या' म्हणताना रडू आलं, ते पेशंटना ऐकवता आलं नसतं. चौथ्यांदा नीट आलं. परत लावून ऐकलं. पुसलं नाही.

तो निरोप डब्यात कसा घालायचा ते अजून सापडलेलं नाही. उद्याचा दिवस आहे माझ्याकडे. आवाज तयार आहे.

तुझी,
मंदा